आधीचा गडी कुठं गेला?

परवा साताऱ्यात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी सांगलीच्या हळदबाजारातला एक जुना माणूस बसला होता. ओळख निघाली, गोष्टी निघाल्या, आणि जिलबी मोडता मोडता तो म्हणाला, "तुमचा तो मुकादम हो! जन्मभर नोकऱ्यांना लाथा मारत हिंडला, आणि म्हातारपणी गलेलठ्ठ पगार दिसला तसा विरघळला." पलीकडचे दोघे हसले. मी हातातला घास ताटात ठेवला. लग्नघर होतं, आम्ही नवरीकडचे, म्हणून गप्प बसलो. पण घरी येईपर्यंत कानशिलं तापलेलीच होती. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली आणि बाजाराला त्याच्याबद्दल आठवतं काय, तर एवढंच! मी लिहिणारा माणूस नव्हे. मराठी पाचवीत शाळा सुटली ती सुटलीच. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगायला शाळा कशाला लागते?

तो पेवांचा मुकादम होता. सांगलीजवळ हरिपूरला हळद ठेवायची ती जमिनीच्या पोटात. दोन-तीन पुरुष खोल खड्डा, वर तोंड एवढंसं, एक माणूस अंग चोरून उतरेल इतकंच. आत उसाचं पाचट अंथरून हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्ष-दोन वर्षं हळद आत निवांत राहते, कीड लागत नाही, रंगही चढतो. पण बंद पेवात हवा मरते. तोंड फोडल्याबरोबर जो आत उतरेल तो आपल्या पायांनी वर येत नाही. म्हणून पेव फोडून उघडं ठेवायचं, वाट बघायची, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. तळापर्यंत कंदील जळत राहिला तर गडी उतरवायचा. विझला तर परत वाट. ही गोष्ट हरिपुरात सगळ्यांना ठाऊक. ठाऊक असून माणसं काय करतात, ते पुढं येईलच.

दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. माझे वडील पलटणीत गेले ते परत आले नाहीत. आई आणि दोन बहिणी पाटणकडच्या डोंगरात, आणि मी कराडपर्यंत मोटारीनं, पुढं आगगाडीनं सांगलीत येऊन पडलेला. एका अडत्याच्या वखारीत पोत्यांवर खुणा घालायचं काम मिळालं. मी जात्याच घाबरट. कोणी मोठ्यानं हाक मारली तरी आपलंच चुकलं असं वाटायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी पोत्याला टेकून बसलो होतो, तर त्याच अडत्याच्या पेवांचा हा मुकादम, उंच, वाळका, भुवयांपर्यंत पिवळा झालेला, समोर येऊन उभा.

"कुठं टेकणार हाईस आज?"

"बघतो कुठंतरी."

"कुठंतरी म्हंजे न्हाईच. ऊठ. माजी खोली हाय."

दोन वर्षं मी त्याच्या खोलीत राहिलो, हळूहळू त्याच्या हाताखाली पेवांवरही जाऊ लागलो. त्यानं भाडं मागितलं नाही आणि उपकारही बोलून दाखवला नाही. फक्त खोलीत कधी दिवा लागायचा नाही. रॉकेल रेशनच्या चिठ्ठीवर मिळायचं, तेही बोटभर. ते सगळं तो पेवाच्या कंदिलासाठी राखून ठेवायचा. दिवस मावळायच्या आत आम्ही भाकरी खाऊन मोकळे. मी एकदा कुरकुरलो, तर म्हणाला, "तोंड दिसाय दिवा कशाला? तुजं काय हेमाडपंती देऊळ हाय का?"

कोणाला कुस्तीचा नाद असतो, कोणाला तमाशाचा. ह्याला मुलाखती द्यायचा नाद होता. गावात कुठंही जागा निघाली, शिपायाची, माळ्याची, दवाखान्यात पंखा ओढायची, की हा अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिथं हजर. ओळखीचा एक बँडवाला होता. त्याचा लाल कोट, पितळी बटणांचा, खांद्यावर जरीच्या झालरी असलेला, तो उसना घ्यायचा आणि तो घालून भर उन्हात चालत निघायचा. पोरं मागून तोंडानं ढोल वाजवायची. ह्याला फिकीर नाही.

एका शाळेत हेडमास्तरांनी विचारलं, "घंटा वेळच्या वेळी देशील ना?" तर हा म्हणाला, "देतो की. पर कुठल्या घड्याळावर? भितीवरलं बंद हाय, आन खिशातलं तुमी दोनदा कानाला लावून बघितलंसा." त्यांनी तरी ह्याला निवडलं. हा गेला नाही. एका वकिलाच्या बंगल्यावर बाई म्हणाल्या, "इथं अगदी घरच्यासारखं राहायचं बरं का." हा तिथूनच उठला. मला सांगत होता, "'घरच्यासारखा ऱ्हा' म्हणलं की वळखायचं गड्या, सुट्टी न्हाई."

मी विचारलं, "आवं मुकादम, जायचं नसतंय तर जाता कशाला?"

"बैल घेताना त्येचं दात बघतोस न्हवं? मालक घेताना का बघू नयेत? आन दुसरं आसं, की दार उघडं हाय म्हणलं की घरात बसाय बरं वाटतं."

बाजार ह्याला हसायचा. चक्रम म्हणायचा. मीसुद्धा तोंड फिरवून हसलो आहे, खोटं कशाला बोलू. पण माझी पाळी आली तेव्हा हसू गेलं.

सातारला एका कचेरीत जागा निघाल्याचं कळलं. सातारा म्हणजे सांगलीपेक्षा घराला कितीतरी जवळ. मुकादमाला न सांगता मी अर्ज केला. बोलावणं आलं. माझे हात मनगटापर्यंत पिवळे. साहेबासमोर हे हात कसे न्यायचे? मी एका परटाकडून मूठभर धुण्याचा सोडा मागून आणला आणि कचेरीच्या जवळच्या हौदावर तो खसाखसा हातांना चोळला. माझं लहानपण डोंगरातलं, तिथं हळद भाजीपुरती. सोडा लागला की हळद रक्तासारखी लाल होते हे मला कोणी सांगितलं होतं? चोळावं तितके हात लाल. आत नाव पुकारलं गेलं.

टेबलामागं तिघं जण. "शिक्षण?" "पाचवी." "इंग्रजी?" "मराठी, साहेब." तिघांनी एकमेकांकडं बघून घेतलं. "चिठ्ठी कुणाची आणलीस?" "कुणाचीच नाही." "मग आलास कशाला?" तेवढ्यात एकाचं लक्ष हातांकडं गेलं. "अरे, खून करून आलाय की काय हा?" मग काय विचारता! पट्टेवाल्याला आत बोलावून हात दाखवले. शेजारच्या खोलीतले कारकून बघायला आले. मी दोन्ही हात पुढं धरून उभा, आणि मला वाटत होतं, मीच काहीतरी गुन्हा केला आहे. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. वडील ज्या सरकारच्या लढाईत गेले त्याच सरकारच्या कचेरीत मुलाला बसायला खुर्ची नाही, आणि हसायला मात्र माणसं कमी पडत नव्हती!

परत आलो तर मुकादमानं माझे हात बघितले आणि लिंबू कापलं. लिंबू लागल्यावर लाली उतरली, पिवळेपण परत आलं. मग त्याचा बांध फुटला.

"हात लपवाय गेलास? चोरी केलीस व्हय रं? ह्या हातानं पोती वाहिलीस. साहेबाच्या घरात लग्न निघालं की पयली हळद हितनंच जाती. हात धूत बसू नगं. हात म्होरं ठेव आन म्हण, ह्ये बघा, काम करून आलोय!"

मी रडत होतो. तो शिव्या देत होता. मला नव्हे, त्या तिघांना. एकेकाच्या सात पिढ्या मोजून झाल्या तेव्हा थांबला आणि म्हणाला, "उद्यापास्नं तुला शिकवतो."

आणि खरंच शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत वखारीत तो लाल कोट घालून पालथ्या टोपल्यावर साहेब होऊन बसायचा आणि मी दारातून आत यायचं. "मे आय कमिंग" एवढं इंग्रजी त्याला येत होतं, ते तो स्वतःच म्हणायचा. "वाकतोस कशाला? देवळात आलास का? ... बस म्हणल्याबिगर बसू नगं. आन बस म्हणलं की नुसतं टेकू नगं, नीट बस. खुर्ची त्येची हाय, बूड तुजं हाय." हमाल पोती टाकून बघायला जमायचे. तरी रोज.

शेवटी तो म्हणायचा, "त्येचं सवाल झालं की तुजं दोन. पयला, आधीचा गडी कुठं गेला? 'गावाला गेला' म्हणलं, की दुसरा. कुठल्या गावाला?"

"आसं कुणी मालकाला विचारतं का?"

"कुणी इचारत न्हाई, म्हणून तर इचारायचं."

असा महिना-दीड महिना गेला असेल. हरिपुरातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याचं मला बोलावणं आलं. पेवांवर मुकादम म्हणून. त्याचा आधीचा मुकादम पेवावरच आजारी पडला, त्याला गाडीत घालून गावाला पाठवला, असं त्याचे गडी बाजारात सांगत होते. शेठ गादीवर बसले होते, मला बसायला सांगितलं, कपबशीतून चहा दिला. चहा मला! "तू वाचतोस, लिहितोस, तरणा आहेस. त्या चक्रमाच्या हाताखाली काम शिकलास म्हणजे शिकलासच. दुप्पट पगार. राहायला दोन खोल्या. आईला घेऊन ये हवं तर."

आईला घेऊन ये! मी डोळ्यांसमोर बहिणींना सांगलीच्या रस्त्यानं चालताना पाहिलं. व्हय म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच. महिनाभर घोकलेलं.

"आधीचा गडी कुठं गेला, शेठ?"

"तो? तो गावाला गेला."

"कुठल्या गावाला?"

शेठ म्हणाले, "इस्लामपूरकडं." आणि त्याच वेळी मागून मुनीम म्हणाला, "पलूसकडं."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. शेठ हसले. "इतकी माणसं असतात, कुणाचं गाव लक्षात ठेवायचं? परवा येऊन सांग."

मी येऊन मुकादमाला म्हणालो, "विसरले असतील. मोठी माणसं आहेत. मी घेतो ही नोकरी. आईला आणता येतंय." माझ्या आवाजात अजिजी होती, जणू परवानगी मागत होतो.

"घे की," तो म्हणाला. "पर उद्या आवस हाय, बाजार बंद. आधीच्या गड्याला भेटून येऊ. मग घे."

शेठच्या पेवांवर दोर धरणाऱ्या एका म्हाताऱ्या गड्यानं जमिनीकडं बघत नेमकी वस्ती सांगितली. सकाळच्या गाडीनं भिलवडी स्टेशन आणि तिथून पायी पलूसच्या अलीकडं. अंगणात एक बाई सुपात जोंधळे निवडत बसली होती. आम्ही सांगलीहून आलो म्हटल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"शेठनं धाडलं व्हय?"

"न्हाई." मुकादमानं माझ्याकडं बोट केलं. "ह्या पोराला तुमच्या ल्योकाच्या जागंवर घ्यायचं म्हणत्यात."

ती माझ्याकडं वळून म्हणाली, "आई हाय का तुला?"

"आहे."

"मग नगं जाऊस."

आणि तिनं सांगितलं. रडली नाही. तांब्याभर पाणी आमच्यापुढं ठेवून सांगितलं. हळदीचा भाव एकदम चढला होता. गाड्या येऊन उभ्या होत्या. सकाळी पेव फोडलं आणि न्याहारीच्या आत गडी उतरवायला सांगितला. मुकादम असलेला तिचा मुलगा कंदील म्हणाला, तर मुनीम म्हणाला, रॉकेल काय तुझ्या बापानं आणलंय? मग तो स्वतःच उतरला. खालून आवाज येईना म्हणून दुसरा उतरायला लागला, त्याला निम्म्यातून दोरानं ओढून काढला. तो वाचला. घरी निरोप आला तो 'छातीत कळ आली' असा. चार दिवसांनी तो वाचलेला गडी आला, तिच्या पायांवर पडला आणि खरं ते सांगून गेला.

"फेटा काढून वर ठेवून उतरला हुता म्हनं," ती म्हणाली. "कापडं आली. फेटा तेवढा आला न्हाई."

परतीच्या वाटेत मी बडबडत होतो. पोलिसात जाऊ, संस्थानच्या दरबारात अर्ज करू. मुकादम एवढंच म्हणाला, "कागदावर छातीत कळ हाय. वाचलेला गडी साक्ष देणार न्हाई, त्येला बी पोरं हाईत."

दुसऱ्या दिवशी मी शेठकडं जाऊन नाही म्हणून आलो. पण काय म्हणालो? 'आई नको म्हणते' असं म्हणालो! महिनाभर ताठ बसायला शिकलो, आणि त्या गादीसमोर उभं राहून खुनी माणसाला खून केलास एवढं म्हणायची छाती झाली नाही. चहाबद्दल आभारसुद्धा मानले. ह्या एका गोष्टीसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. बाहेर ओसरीवर आणखी दोघे त्याच जागेसाठी येऊन बसले होते. एकाचं नुकतंच लग्न झालं असावं, हातावरची हळद आमच्यासारखी कामाची नव्हती.

मी हे मुकादमाला सांगितलं. त्यानं भाकरी बाजूला सारली आणि बँडवाल्याकडं गेला.

लाल कोट हरिपूरच्या रस्त्यानं निघालेला बघून निम्मा बाजार मागं लागला. म्हातारा आज मोठ्या शेठला धुणार! मीही मागोमाग. शेठनाही गंमत वाटली. "या, या! आज आमची परीक्षा वाटतं?"

मुकादम गादीसमोर नीट मांडी घालून बसला. "आधीचा गडी कुठं गेला?"

"सांगितलं की त्या पोराला. गावाला."

"गाव बघून आलोय."

मुनीम वहीत तोंड घालून बसला.

"त्येचा फेटा द्या."

शेठनी हात हलवला. एक गडी आत गेला आणि धुळीनं पिवळा झालेला, तसाच बांधलेला फेटा घेऊन आला. मुकादमानं तो मांडीवर ठेवला. आता हा उठणार, दोन शब्द सुनावणार आणि जाणार, अशी सगळ्यांची खात्री. दर वेळी तेच व्हायचं.

"मी येतो," तो म्हणाला. "उद्यापास्नं."

शेठना कळेना. "कामाला?"

"कामाला. पगार तुमी ठरवा. एक गोष्ट मी ठरवणार. पेव फोडल्यावर गडी कवा उतरायचा त्ये मी सांगणार. तुमी न्हाई, मुनीम न्हाई, भाव न्हाई. ह्या समद्यांच्या म्होरं व्हय म्हणा."

वीस-पंचवीस माणसं बघत होती आणि फेटा त्याच्या मांडीवर होता. शेठ हुशार. त्यांनी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मंजूर! आणि पगार तिप्पट! गुणी माणसाची आम्हाला कदर आहे!"

बाजारानं ऐकलं ते एवढंच. तिप्पट! फेटा कोणी पाहिला नाही, अट कोणी ऐकली नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात एकच विषय, म्हातारा शेवटी विकला गेला. आमच्या मालकांनी तर त्याचं नाव घ्यायचं सोडलं आणि त्याची जागा मला देऊन टाकली. तिप्पट पगाराचं त्यानं काय केलं मला ठाऊक नाही. कोट शेवटपर्यंत बँडवाल्याचाच राहिला, आणि खोलीत दिवा लागला नाही तो नाहीच. फेटा पोचवायला तो एकटाच पलूसकडं जाऊन आला.

मी मात्र त्या दिवशी वाटेत त्याच्यावर ओरडलो होतो. जन्मात पहिल्यांदा. "आवं, त्याच माणसाची चाकरी? तुम्ही? आणि आम्हाला शिकवता?"

"तू न्हाई म्हणालास, बरं केलंस," तो म्हणाला. "पर वसरीवर दोगं बसल्यालं बघितलंस न्हवं? त्यातला एक व्हय म्हणणार. एक न्हाई तर दुसरा. उतरणारा गडी कवाबी घावतोय रं. कंदील सोडणारा तिथं न्हाई."

पुढच्या हंगामात मालकांनी मला हरिपूरला निरोप घेऊन पाठवलं. उन्हं चढली होती. त्या शेठच्या पेवापाशी सात-आठ गाड्या जुंपून उभ्या होत्या, बैल माना झटकत होते. शेठ स्वतः टांग्यातून आले होते आणि छत्री आपटत येरझारा घालत होते. कंदील दोनदा सोडला होता, दोन्ही वेळा विझला होता. मुकादम पेवाच्या तोंडाशी उकिडवा बसून कांदा-भाकरी खात होता. शेजारी एक तरणा गडी फेटा काढून, कंबर बांधून तयार.

"उतरू का, मुकादम?"

"बस रं."

शेठ ओरडले, "अरे किती वेळ? गिऱ्हाईक परत जाईल! आता निघाली असेल की हवा!"

मुकादमानं मान वर केली नाही. "घाई कुणाला हाय?"

"मला आहे!"

त्यानं भाकरी फडक्यावर ठेवली, हात झटकले, पायाशी पडलेला दोर उचलला आणि त्याचं मोकळं टोक शेठपुढं धरलं.

"मग कमरंला बांधा."

शेठनी पेवाच्या काळ्या तोंडातून आत पाहिलं, दोराकडं पाहिलं, आणि छत्री उघडून टांग्यात जाऊन बसले. मुकादम खाली बसला, उरलेली भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी त्या तरण्या गड्याच्या हातात दिली.